सलीम अलींची गेलेली नोकरी आणि पर्यावरणाचा तास

दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 तारखेला सलीम अलींचा. 2020पासून या आठवड्याला सरकारी शिक्का मिळाला. शाळांमध्ये भाषणं होतात, रंगीत तक्ते लागतात. आपल्या समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर 12 नोव्हेंबरला सकाळपासूनच सलीम अलींचा दुर्बीण घेतलेला फोटो फिरायला लागतो. खाली ‘बर्डमॅन ऑफ इंडिया’, पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभा अशी यादी. 13 तारखेला फोटो गायब.

या यादीत एक साधी गोष्ट कधीच नसते. हा माणूस पोटापाण्यासाठी काय करत होता? पक्षी बघण्याचा पगार त्याला कोण देत होतं? त्याचं उत्तर शोधायला लागलं की एक वेगळाच इतिहास हाती येतो. निसर्ग शिकवणाऱ्यांना या देशात खुर्ची कधी मिळाली, कधी काढून घेतली गेली आणि ज्यांना ती कधीच मिळाली नाही ते कोण होते, याचा हा इतिहास आहे. पर्यावरण हा विषय आज शाळा-कॉलेजात सक्तीचा आहे. तो शिकवणार कोण, हा प्रश्न मात्र 1930मध्ये जिथे होता तिथून फारसा हललेला नाही.

चिमणी आणि दारूची पेढी

सलीम अलींचा जन्म 1896चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. भावंडांत सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. पोरक्या भावंडांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात वाढवलं. हे तय्यबजी म्हणजे काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांचंच घराणं. शिकलेलं, सुधारक वळणाचं आणि पैसा बाळगून असलेलं. या घराण्यात ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवायची पद्धत होती. घरातल्या कोणीही त्यात नोंद करावी, मोठ्यांनी आणि मुलांनीही. कोण आलं, कोण गेलं, काय पाहिलं. पुढे आयुष्यभर रोजच्या रोज नोंदी ठेवणाऱ्या माणसाचं बालपण अशा वह्यांच्या घरात गेलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

चिमणीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमण्यांपेक्षा ही वेगळी. पाठ्यपुस्तकांत मात्र गोष्टीतला एक बारकावा गाळला जातो. मुसलमान घरातल्या त्या पोराला पहिला प्रश्न शास्त्राचा पडला नव्हता, खाण्याचा पडला होता. हा पक्षी खायला चालतो की नाही? म्हणून तो चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामांनाही ओळखेना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजे बीएनएचएसचे, सदस्य होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडलं.

ही सोसायटी 1883मध्ये मुंबईतल्या आठ जणांनी काढली. त्यातले दोघे मराठी डॉक्टर होते : प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. वनस्पतींचा अभ्यास असलेल्या सखाराम अर्जुनांनी मुंबईत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची छापली होती. म्हणजे ‘साहेबांचा छंद’ म्हणून ज्या संस्थेकडे बोट दाखवलं जातं, तिच्या पायात दोन मराठी डॉक्टरही उभे होते. सोसायटीचं बिऱ्हाड मात्र अपोलो स्ट्रीटवरच्या फिप्सन अँड कंपनी या दारूच्या पेढीत होतं आणि मिलार्ड त्याच पेढीत कामाला होते. हलाल-हरामचा प्रश्न घेऊन निघालेला बोहऱ्यांचा मुलगा दारूच्या पेढीत पोचला आणि तिथे त्याला त्याचा पहिला मास्तर भेटला.

मिलार्डनी मुलाला हाकललं नाही. चिमणी ओळखून दिली, कपाटातले खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. पगार दारूविक्रीचा, काम निसर्ग शिकवण्याचं. ही जोडी पुढेही पुन्हा पुन्हा दिसत राहते.

किहीमची बेकारी

सेंट झेवियर्समध्ये सलीम अलींचं शिक्षण अर्धवट सुटलं. घरच्यांच्या वुल्फ्रामच्या खाणी सांभाळायला ते ब्रह्मदेशात तव्हॉयला गेले. धंद्यापेक्षा जंगलातच जास्त रमले. 1917मध्ये परत आले, दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबाचे धडे घेतले. धंद्यात पडावं असा घरच्यांचा बेत होता. झेवियर्सचे फादर ब्लॅटर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी या मुलाचा कल ओळखला आणि त्याला प्राणिशास्त्राकडे वळवलं. (याच ब्लॅटर आणि मिलार्ड यांनी मिळून भारतातल्या सुंदर झाडांवर पुस्तक लिहिलं. मुंबईत निसर्ग शिकवणारं जग तेव्हा इतकं लहान होतं.) 1918मध्ये तहमीना यांच्याशी लग्न झालं.

झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षिशास्त्रज्ञाची जागा निघाली, ती सलीम अलींना मिळाली नाही. विद्यापीठाची पदवी नव्हती. 1926मध्ये अखेर एक काम मिळालं. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्गविभाग नव्याने उघडला होता. तिथे ‘गाइड लेक्चरर’ हवा होता. पगार महिना 350 रुपये. शाळकरी मुलांना आणि आलेल्या-गेलेल्यांना काचेआडचे प्राणी-पक्षी दाखवायचे, समजावून सांगायचे.

आजच्या भाषेत ही पर्यावरण शिक्षणाची नोकरी. नाव नव्हतं एवढंच.

दोनेक वर्षांत ते काम त्यांना कंटाळवाणं वाटू लागलं, हेही सांगायला हवं. तेच तेच पेंढा भरलेले पक्षी, तीच तीच वाक्यं. रजा घेऊन ते बर्लिनला गेले. तिथल्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचं खरं शिक्षण घेतलं. पक्ष्यांच्या पायात कड्या घालून त्यांचा माग कसा काढायचा हेही जर्मनीतच हेलिगोलँड बेटावर पाहिलं. 1930मध्ये परत आले तर म्युझियममध्ये त्यांची जागाच उरली नव्हती. पैशाअभावी पद रद्द झालं होतं.

चौतीस वर्षांचा, जर्मनीत शिकून आलेला, बेकार माणूस. मुंबईत राहणं परवडेना. नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हाताला दुसरं काम नसल्यामुळे सलीम अली आडोशाला बसून महिनोन् महिने तीच पाहत राहिले.

त्यांना जे दिसलं ते तोवर कुणी नीट नोंदवलं नव्हतं. घरटं बांधतो नर. अर्धं बांधून थांबतो. मग माद्या येतात, लटकत्या अर्धवट घरट्यात शिरून पाहणी करतात. एखादीला पसंत पडलं तर ती ते घर ताब्यात घेते, मग जोडी जमते आणि नर उरलेलं बांधकाम पूर्ण करतो. मादी अंडी उबवायला बसली की हे महाशय शेजारी दुसरं घरटं बांधायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. एकामागून एक संसार. हा अभ्यास 1931मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि पक्षिशास्त्रात त्यांचं नाव झालं.

मराठीत आपण या पक्ष्याला ‘सुगरण’ म्हणतो, घरट्याचं सगळं श्रेय बाईला देऊन टाकतो. बहिणाबाईंनीही तेच केलं. किहीमच्या नोंदींनी ते श्रेय गवंडी नराला आणि पारख करणाऱ्या मादीला वाटून दिलं. पाहिल्याशिवाय नाव ठेवू नये, हा धडा शिकवायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही. ते एका गेलेल्या नोकरीतून आलं.

पुढचा मार्गही विलक्षण होता. संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी झालेली नव्हती. सलीम अलींनी देऊ केलं की मी पगार घेणार नाही, फक्त तंबूचा, प्रवासाचा, मुक्कामाचा खर्च द्या. सुरुवात निजामाच्या हैदराबादपासून, 1931-32मध्ये. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात आपला मराठवाडा होता. मग त्रावणकोर-कोचीन आणि पुढे मध्य भारतातली संस्थानं. तहमीना बरोबर असत, तंबूतच संसार. 1939मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अली बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे राहायला आले आणि शेवटपर्यंत एकटे राहिले.

इथे एक कडवट गोष्ट बोलली पाहिजे. पगाराशिवाय काम कोण करू शकतो? ज्याच्या पाठीशी किहीमचं घर आहे, पाली हिलला बहिणीचं घर आहे, तो. त्याच काळात मालेगावच्या मोमिनाच्या किंवा बीडच्या अत्ताराच्या मुलाला पक्ष्यांची अशीच ओढ असती तर त्याचं काय झालं असतं? सलीम अलींच्या कष्टांना याने उणेपणा येत नाही. पण ज्या शिक्षणाला पगारी जागा नसते, ते शिक्षण ऐपतवाल्यांच्या घरातच वाढतं. तय्यबजी-अली-फतेहअली-अब्दुलअली या एकमेकांत गुंतलेल्या मूठभर घरांतून इतके निसर्गशिक्षक का निघाले, याचं अर्धं उत्तर त्यांच्या संस्कारात आहे आणि अर्धं त्यांच्या ऐपतीत.

आणखी एक. 12 नोव्हेंबरला त्यांना ‘आपला माणूस’ म्हणून मिरवताना आपण सोयीने विसरतो की ते धार्मिक नव्हते. नमाज-रोज्याच्या औपचारिकतेविषयी आत्मचरित्रात त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. त्यांना आपल्या साच्यात बसवायची गरज नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने 1958मध्ये या बिनपदवीच्या माणसाला सन्माननीय डॉक्टरेट दिली तेव्हाही कुणी ती अट घातली नव्हती.

टपालातली शाळा

1941मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. त्याआधी भारतातल्या पक्ष्यांवरचे जाडजूड इंग्रजी खंड होते, पण ते हातात मेलेला पक्षी असलेल्या तज्ज्ञासाठी लिहिलेले. मोजपट्टी लावा, पिसं मोजा, मग ओळखा. सलीम अलींच्या पुस्तकात रंगीत चित्र, आकार चिमणीएवढा की मैनेएवढा, कुठे दिसतो, काय करतो, असा झाडावरचा जिवंत पक्षी ओळखायचा रस्ता होता. गाइड लेक्चरर असताना जे त्यांना काचेसमोर उभं राहून सांगायचं होतं, ते त्यांनी पुस्तकात घातलं. नोकरी संपली होती, शिकवणं नव्हे.

त्यांच्या मागे आलेले लोक पाहा. हुमायून अब्दुलअली हे नात्यातलेच, झेवियर्समधून प्राणिशास्त्र घेऊन पहिले आलेले. उदरनिर्वाह व्यवसायावर. मुंबई राज्याचा 1951चा वन्यपक्षी व वन्यप्राणी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध त्यांनी लढा दिला. बेडूक शेतातली कीड खातो, तो परदेशात पाठवून वर कीटकनाशक विकत घेणं हा कुठला हिशेब, हा त्यांचा मुद्दा. सलीम अलींशी त्यांचं फारसं पटत नसे. दोघेही आपल्या मताला चिकटून राहणारे.

जफर फतेहअली यांचाही व्यवसायच. त्यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी एक इंग्रजी वार्तापत्र सुरू केलं. सायक्लोस्टाइल केलेले कागद, टपालाने जाणारे. त्यात कोणीही लिहावं. चहामळ्याचा व्यवस्थापक, रेल्वेचा कारकून, शाळामास्तर, निवृत्त लष्करी अधिकारी. आमच्या गच्चीवर अमुक पक्षी अमुक तारखेला आला, एवढीच नोंद असली तरी चालेल. संपादनाचा मोठा भार जफर यांच्या पत्नी लईक यांनी उचलला. लईक या सलीम अलींच्या भाची. 1967मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी मामा-भाचीने मिळून नेहमीच्या पक्ष्यांवर लिहिलेलं छोटं, स्वस्त पुस्तक भारतीय वाचकांच्या कितीतरी घरांत पोचलं. जफर पुढे बीएनएचएसचे मानद सचिव झाले, 1969मध्ये भारतात डब्ल्यूडब्ल्यूएफची शाखा उभी करणाऱ्यांतही ते होते. ‘मानद’ हा शब्द लक्षात ठेवा. म्हणजे बिनपगारी.

विद्यापीठाचा दरवाजा उशिरा उघडला. मुंबई विद्यापीठाने बीएनएचएसला मान्यता दिली आणि स्वतःकडे पदवी नसलेले सलीम अली एमएस्सी, पीएचडीचे मार्गदर्शक झाले. त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक विजयकुमार आंबेडकर. विषय कोणता, तर सुगरण. किहीमच्या बेकारीत सुरू झालेला अभ्यास तीसेक वर्षांनी प्रबंध होऊन विद्यापीठात शिरला.

मीरशिकार

आता ज्यांचा फोटो कोणत्याच तारखेला फिरत नाही त्यांच्याकडे येऊ.

1960च्या सुमारास बीएनएचएसने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायात कड्या घालायचं मोठं काम हाती घेतलं. स्थलांतर करणारे पक्षी कुठून येतात, कुठे जातात, आणि त्यांच्यासोबत रोग प्रवास करतात का, हे शोधायचं होतं. कडी घालायला पक्षी जिवंत हवा, एकही पीस न मोडता. भरतपूरच्या दलदलीत असा पक्षी धरणार कोण? डॉक्टरेटवाले नाहीत. त्यासाठी बिहारमधून मीरशिकार आणले गेले.

मीरशिकार हा शब्दच सांगतो : शिकारखान्याचा प्रमुख. नवाब-राजांच्या पदरी बहिरी ससाणे आणि बाज पाळणाऱ्या, पक्षी धरणाऱ्या मुस्लिम घराण्यांची ही जात. दरबार संपले तसे हे लोक बाजारासाठी पक्षी धरू लागले. बांबूला बांबू जोडून लांब केलेली काठी, टोकाला झाडाच्या चिकाचा लासा, केसासारखे बारीक फास, सावलीत दिसणार नाहीत अशी जाळी. कोणत्या पक्ष्याला कोणतं आमिष, तो वाऱ्याच्या कुठल्या बाजूने उतरतो, फडफडणारा पक्षी हातात कसा धरायचा की त्याचं काळीज बंद पडणार नाही, हे सगळं बापाकडून मुलाकडे आलेलं. बीएनएचएसमधले अली हुसेन हे यांतले सर्वांत नावाजलेले. शिकलेल्यांच्या कित्येक पिढ्यांनी जाळ्यातून पक्षी सोडवायचा कसा, हे त्यांच्या हाताकडे पाहत आत्मसात केलं.

शोधनिबंधाच्या पानावर नाव कुणाचं येतं आणि आभाराच्या ओळीत कुणाचं, हे आपल्याला माहीत आहे. कागदोपत्री हे लोक ‘ट्रॅपर’ राहिले, म्हणजे पकडणारे. मी त्यांना मास्तर म्हणेन. तय्यबजींच्या घराण्याचा वारसा सांगताना आपण मुस्लिम समाजाचं योगदान म्हणतो, मग या घराण्यांचं काय? 1990-91मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली. पक्ष्यांसाठी ती आवश्यकच होती. पण ज्या हातांमध्ये हे ज्ञान होतं त्यांना त्याच ज्ञानावर दुसरी नोकरी देण्याची योजना बंदीसोबत आली नाही. थोड्यांना संस्थांनी सामावून घेतलं, बाकीचे एका रात्रीत गुन्हेगार ठरले.

भरतपूरचा धडा

भरतपूरचंच दुसरं उदाहरण अधिक बोचरं आहे. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1982च्या नोव्हेंबरमध्ये तिथे गुरं-म्हशी चारायला बंदी आली. चराईने पाणथळ बिघडते, असं सलीम अलींसह अनेक तज्ज्ञांचं मत होतं. आसपासच्या गावकऱ्यांनी विरोध केला. पोलीस गोळीबार झाला, माणसं मेली.

मग बीएनएचएसच्याच शास्त्रज्ञांनी व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षं तिथल्या पाण्याचा, गवताचा, पक्ष्यांचा अभ्यास केला. निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी गवत खात होत्या म्हणून पाणी उघडं राहत होतं. म्हशी गेल्या तसं पॅस्पॅलम नावाचं गवत माजलं, तळी झाकली गेली आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. गुराख्यांना जे रोजच्या वहिवाटीतून कळत होतं ते शास्त्राला दशकभराने कळलं.

या चुकीकडे बोट दाखवणाऱ्यांत माधव गाडगीळ पुढे होते, आणि हेच या गोष्टीचं मोठेपण. गाडगीळ हे सलीम अलींच्या टपालातल्या शाळेचे विद्यार्थी. पुण्यात शाळेत असताना त्यांना लांब शेपटीचं पीस नसलेले वेडे राघू दिसले. वडील अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, त्यांची सलीम अलींशी ओळख. वडील म्हणाले, त्यांनाच लिहून विचार. मुंबईहून उत्तर आलं : पिसं झडतात, नवी येतात, तेव्हा असं दिसतं. शाळकरी पोराच्या पत्राला एवढ्या मोठ्या माणसाने उत्तर द्यावं, यात त्या पोराचं आयुष्य ठरलं. फर्ग्युसन, मग मुंबईचं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, हार्वर्डची पीएचडी. तिथे राहता आलं असतं, पण 1971मध्ये परतले. आधी पुण्यात, मग 1973पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. तिथे 1983मध्ये परिसरविज्ञानाचं केंद्र उभं राहिलं. सलीम अलींना जी पगारी खुर्ची मिळाली नाही, ती गाडगीळांच्या पिढीला मिळाली, आणि तिथे बसून त्यांनी गुरूच्या संरक्षणविचारावरच प्रश्न उभा केला : गावातल्या माणसाला बाहेर काढून निसर्ग वाचतो का?

गाडगीळांनी मग लोकांच्या जैवविविधता नोंदवह्यांची कल्पना चालवली. गावातल्या मच्छीमाराने, वैदूने, गुराख्याने सांगावं आणि ते गावाच्या नावाने नोंदलं जावं. 2002च्या जैवविविधता कायद्यात तिला जागा मिळाली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005मध्ये झाला तेव्हा ‘परिसर आणि शिक्षण’ या गटाचे अध्यक्षही तेच. त्या गटाची शिफारस साधी होती : मुलांनी आपल्या ओढ्याची, झाडांची, कचऱ्याची, शेतीची पाहणी करावी, नोंदी ठेवाव्यात, आणि त्या नोंदी सगळ्यांना वापरता याव्यात. किहीमच्या वहीचीच ही पुढची पायरी.

सक्तीचा तास

आराखड्यात हे असताना वर्गात वेगळंच घडलं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. अंमलबजावणी रखडली, 2003मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या इराक भरुचा यांनी. भारती विद्यापीठात पर्यावरण शिक्षणाची संस्था चालवणारे भरुचा मुळात सर्जन. म्हणजे पुन्हा तेच : दारूची पेढी, व्यवसाय, शस्त्रक्रियेची खोली, आणि मग निसर्ग.

विषय सक्तीचा झाला, पण त्याच्या शिक्षकाची जागा निर्माण झाली नाही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ आहे. अनेक ठिकाणी तो त्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो ज्याच्या कामाचे तास कमी भरतात. भूगोलाचा असेल, मराठीचा असेल, कधी पीटीचा. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी झालेली मुलं कंपन्यांसाठी परवान्याचे अहवाल लिहितात किंवा तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढतात. म्युझियमने 1930मध्ये एक पद रद्द केलं होतं. आपण ते निर्माणच करत नाही, म्हणजे रद्द करायचा प्रश्न मिटला.

माझा एक मित्र जिल्ह्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात बुककीपिंग शिकवतो. दोन वर्षांपासून पर्यावरणही त्याच्याकडे आहे. प्रकल्पवह्या मुलं नेटवरून उतरवतात, तो सही करतो. परवा फोनवर त्याने विचारलं की याची सुरुवात तरी कुठून करावी. मी त्याला सांगितलं की सलीम अलीही दावर्स कॉलेजात हिशेबच शिकले होते. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, आमच्या गावाबाहेरच्या विहिरीवर बाभळीला सुगरणीचे खोपे आहेत, तिथे ये एकदा.

पावसाळ्यात खोपे ताजे असतात, नर कामाला लागलेले असतात. जुलैच्या पहिल्या रविवारी जायचं ठरलं आहे. मुलांना त्याने एकच गोष्ट सोबत आणायला सांगितली आहे, कोरी वही.